वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा आहार आणि वजनाचा हिशेब

सप्टेंबर २०११ मध्ये भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन अध्यक्ष नितीन गडकरी यांच्यावर मुंबईत वजन घटविण्याची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तीन वर्षांनी, सप्टेंबर २०१४ मध्ये, तत्कालीन केंद्रीय अर्थमंत्री अरुण जेटली यांच्यावर दिल्लीत साकेत येथील एका खासगी रुग्णालयात अशीच शस्त्रक्रिया करण्यात आली. दीर्घकाळच्या मधुमेहामुळे वाढलेल्या वजनावर हा उपाय केल्याचे त्या वेळी सांगण्यात आले होते. या दोन बातम्यांनी ‘बॅरिअ‍ॅट्रिक’ हा शब्द सामान्य वाचकांच्या परिचयाचा झाला. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये उज्जैन येथील जाहीर सभेत गडकरी यांनी आपले वजन १३५ किलोवरून ९३ किलोवर आल्याचे सांगितले, आणि तेथील खासदारांनी घटविलेल्या प्रत्येक किलोमागे एक हजार कोटी रुपयांचा विकासनिधी देण्याचे विनोदाने जाहीर केले.

शस्त्रक्रियेची बातमी एका दिवसाची असते. त्यानंतर ताटाशी, पाण्याच्या पेल्याशी आणि वजनकाट्याशी नव्याने जुळवून घेण्याचा काळ मात्र कित्येक वर्षांचा असतो, आणि त्याविषयी फारसे लिहिले जात नाही.

राजधानी परिसरात या विषयाला विशेष महत्त्व आहे. २०१९-२१ मधील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील २४ टक्के स्त्रिया व सुमारे २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा स्थूल होते. दिल्लीत हेच प्रमाण स्त्रियांमध्ये ४१ टक्क्यांहून अधिक आणि पुरुषांमध्ये ३८ टक्के आढळले. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, तसेच दिल्ली, गुरुग्राम व नोएडा येथील अनेक खासगी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया केली जाते. दुर्बिणीद्वारे होत असल्याने रुग्ण बहुधा दोन-तीन दिवसांत घरी जातो. हे घर अनेकदा मेरठ, रोहतक, अलवर किंवा त्याहूनही दूर असते, आणि पुढील अडचणींचे एक मूळ तेथेच आहे.

पोटात नेमके काय बदलते

आज प्रचलित असलेल्या दोन मुख्य पद्धतींपैकी ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’मध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग कायमचा काढून टाकतात व केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची लहान पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडली जाते, त्यामुळे अन्न उरलेले जठर व आतड्याचा पहिला भाग टाळून पुढे जाते. या दुसऱ्या पद्धतीचा आरंभ अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये केला.

जठर लहान झाल्याने माणूस कमी खातो, एवढेच स्पष्टीकरण अपुरे आहे. भुकेची जाणीव करून देणारे ‘घ्रेलिन’ हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग निघून जातो. दोन्ही पद्धतींनंतर आतड्यातून स्रवणारी, तृप्तीची जाणीव देणारी संप्रेरके वाढतात. म्हणूनच अनेक मधुमेही रुग्णांची रक्तशर्करा वजन फारसे उतरण्यापूर्वीच, काही दिवसांत, खाली येते. इन्सुलिनची जुनी मात्रा तशीच चालू ठेवल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळ्यांचेही तसेच आहे. घरी जाताना जुनी औषधे कोणत्या मात्रेत घ्यायची हे लेखी विचारून घ्यावे.

पहिले दोन महिने

आहाराची चढण पायरीपायरीने चढायची असते. प्रथम डाळीचे वरचे पाणी, गाळलेले सूप, नारळपाणी यांसारखे पातळ द्रव. त्यानंतर ताक, दूध, प्रथिनांची पूड मिसळलेली पेये. पुढे घुसळून एकजीव केलेले अन्न. मग मऊ अन्न आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे जेवण. प्रत्येक रुग्णालयाचे वेळापत्रक थोडे वेगळे असते व त्यात घाई केल्यास टाक्यांच्या रेषेवर ताण येतो. मराठी घरांना या काळात फारसे परके काही शिजवावे लागत नाही. मुगाचे कढण, मऊ भातावर पातळ वरण, नाचणीची आंबील, मेतकूट हे आजाऱ्याचे अन्न म्हणून ज्ञात आहेच. मात्र भाताची पेज किंवा आंबील पोट भरते आणि प्रथिने नगण्य देते, हे ध्यानात ठेवावे लागते.

सर्वांत मोठी अडचण प्रथिनांची. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८, शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम असतात. लहान वाटीभर पातळ वरणात ४-५ ग्रॅमच. एका वेळी अर्धी वाटी अन्न जेमतेम मावत असताना शाकाहारी व्यक्तीने ही बेरीज कशी पूर्ण करावी? उत्तर क्रमात आहे. ताटातील प्रथिनांचा पदार्थ आधी, भाजी नंतर, पोळी किंवा भात सर्वांत शेवटी आणि जागा उरली तरच. दिल्लीत सहज मिळणारे सत्तू, सोयाबीनच्या वड्या, घट्ट दही यांची येथे मदत होते. पहिले काही महिने बहुतेकांना प्रथिनांच्या पुडीचा आधार घ्यावाच लागतो आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

घास लहान, चावणे पुष्कळ आणि एका जेवणाला २० ते ३० मिनिटे, हा नियम ऐकायला सोपा वाटतो. चाळीस वर्षे दहा मिनिटांत जेवण उरकलेल्या माणसाला तो फार जड जातो. पूर्वी पोट भरल्याची जाणीव सावकाश होई. आता ती छातीच्या मध्यभागी येणाऱ्या दाबासारखी, उचकीसारखी किंवा अचानक वाहणाऱ्या नाकासारखी येते. त्यानंतरचा एकच घास उलटी घडवू शकतो. ताजी मऊ पोळी आणि पाव लाळेत मिसळून गोळा होतात आणि अडकतात. कोरडे कोंबडीचे मांसही तसेच. अनेकांना सुरुवातीला पोळीपेक्षा कडक भाकरीचा तुकडा किंवा खाकरा अधिक सोसवतो, ही गोष्ट घरच्यांना चमत्कारिक वाटते.

पाणी आणि दिल्लीचा उन्हाळा

जेवताना पाणी प्यायचे नाही आणि जेवणानंतर निदान अर्धा तास थांबायचे, असा दंडक असतो. पाण्यामुळे अन्न लवकर पुढे सरकते, तृप्ती टिकत नाही, काहींना मळमळते. दुसरीकडे दिवसभरात किमान दीड लिटर द्रव पोटात जायलाच हवे. तहान लागल्यावर पेला रिकामा करण्याची क्षमता आता उरलेली नसते. हे गणित जमण्यासाठी जागेपणी दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट घेत राहणे, एवढाच मार्ग आहे.

मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांवर जातो आणि लू वाहू लागते, तेव्हा हे नियम पुस्तकी राहत नाहीत. शरीरातील पाणी कमी होणे हे पहिल्या काही आठवड्यांत रुग्णाला पुन्हा रुग्णालयात दाखल करण्याच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. कामानिमित्त बाहेर असलेला रुग्ण तहानेपोटी बर्फ घातलेली गोड शिकंजी, सरबत, पन्हे किंवा बंटा घटाघट पितो आणि अर्ध्या तासाच्या आत त्याला घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब व गळून गेल्याची भावना येते. साखरेचे पाणी जठरात न थांबता आतड्यात ओतले गेल्याने होणाऱ्या या प्रकाराला ‘डम्पिंग’ म्हणतात. बायपासनंतर ते अधिक आढळते, स्लीव्हनंतरही होऊ शकते. त्याचा एक उशिरा येणारा प्रकारही आहे: गोड खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी इन्सुलिनच्या अतिरेकामुळे साखर उतरते, हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. पुष्कळ जण ती भूक समजून पुन्हा गोडच खातात आणि चक्र सुरू राहते. साधे ताक, मीठ-लिंबाचे बिनसाखरेचे पाणी आणि सोबत बाळगलेली बाटली हा उन्हाळ्यातला खरा बचाव आहे. लघवी गडद पिवळी होऊ लागणे ही पहिली सूचना समजावी.

गोळ्या कधी थांबवायच्या?

हा प्रश्न बहुतेक रुग्ण वर्षभराने विचारतात आणि उत्तर ‘कधीही नाही’ असे आहे. अन्न कमी जाते, जठरातील आम्ल घटते, बायपासमध्ये आतड्याचा शोषण करणारा भाग वगळला जातो. परिणामी जीवनसत्त्वे व क्षार यांची तूट हळूहळू साठत जाते. ब-१२ची शरीरातील साठवण काही वर्षे पुरते, म्हणून तूट उशिरा दिसते. शाकाहारी कुटुंबांत ती साठवण मुळातच कमी असते आणि मधुमेहासाठी घेतलेले मेटफॉर्मिन तिला आणखी कमी करते. हातापायांना मुंग्या, जिभेची आग, विसरभोळेपणा ही लक्षणे वयावर ढकलली जातात.

ड जीवनसत्त्वाबाबत दिल्लीची स्थिती पूर्वीपासून चिंताजनक आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्लीतील निरोगी व्यक्तींमध्येही त्याची पातळी कमी आढळली होती. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वीच ही तपासणी करून तूट भरून काढणे आवश्यक ठरते. नंतर दररोज १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. बायपासनंतर ते सायट्रेट स्वरूपात घेणे योग्य, कारण त्याच्या शोषणाला आम्लाची गरज लागत नाही. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांत किमान दोन तासांचे अंतर हवे, आणि लोहाच्या जवळपास चहा नको. उत्तर भारतातील घरांत दिवसाला चार-पाच वेळा चहा होत असल्याने ही शेवटची अट सर्वाधिक मोडली जाते. पाळी चालू असलेल्या स्त्रियांना लोह अधिक मात्रेत लागते. पहिल्या वर्षी तीन, सहा व बारा महिन्यांनी आणि त्यानंतर दरवर्षी रक्ततपासणी करून घ्यावी.

केस गळू लागले की रुग्ण प्रथम घाबरतो. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांदरम्यान होणारी ही गळती बहुधा झपाट्याने वजन उतरल्याच्या धक्क्यामुळे असते व काही महिन्यांत थांबते. ती वर्षभरानंतरही चालू राहिली, तर लोह, जस्त आणि प्रथिने तपासावी लागतात.

याहून कितीतरी गंभीर असून कमी ज्ञात असलेली तूट म्हणजे ब-१ अर्थात थायमिनची. शरीरात त्याची साठवण जेमतेम दोन-तीन आठवड्यांची असते. वारंवार उलट्या होणाऱ्या रुग्णात ती संपते आणि मेंदूला इजा होऊ लागते. एकाची दोन चित्रे दिसणे, चालताना तोल जाणे, गोंधळल्यासारखे बोलणे ही तिची चिन्हे होत. अशा रुग्णाला अशक्तपणा म्हणून घराजवळच्या दवाखान्यात ग्लुकोजचे सलाइन लावले जाते. थायमिन न देता शिरेतून ग्लुकोज दिल्यास उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि इजा कायमची होऊ शकते. थायमिन आधी किंवा सोबत द्यावे, हा नियम प्रत्येक शल्यचिकित्सकाला ठाऊक असतो. पण राजधानीत शस्त्रक्रिया करून दोनशे किलोमीटर दूर गेलेल्या रुग्णाच्या गावातील डॉक्टरला, समोरच्या माणसाच्या जठरावर काय झाले आहे, हेच अनेकदा माहीत नसते. शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख, शल्यचिकित्सकाचा दूरध्वनी आणि ‘उलट्या होत असल्यास ग्लुकोजपूर्वी थायमिन’ ही सूचना लिहिलेला कागद रुग्णाच्या पाकिटात आणि त्याचे छायाचित्र घरच्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये असणे, हा बिनखर्चाचा उपाय आहे. त्याच कागदावर आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके टाळावीत, असेही लिहावे. बायपासनंतर त्यांच्यामुळे जोडाच्या ठिकाणी व्रण होऊ शकतो. धूम्रपानानेही तसेच होते.

पहिल्या काही आठवड्यांत ताप, वाढत जाणारी पोटदुखी, खांद्यात दुखणे किंवा विश्रांतीतही नाडी १२०च्या वर राहणे, यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

काटा कोठे थांबतो

पहिल्या महिन्यात वजन झरझर उतरते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ते अनेकदा काही दिवस अजिबात हलत नाही आणि शस्त्रक्रिया फसली, अशी शंका मनात येते. प्रारंभीच्या घटीत पाण्याचा वाटा मोठा असतो, त्यामुळे असे थांबे येतातच. वजन आठवड्यातून एकदा, त्याच वेळी व त्याच काट्यावर करावे. रोज काट्यावर चढण्याने मनस्तापाखेरीज काही हाती लागत नाही. बहुतेकांचे वजन १२ ते १८ महिन्यांत सर्वांत खाली जाते.

ते खाली म्हणजे किती खाली, याविषयी अपेक्षा फार चुकीच्या असतात. उंची १६० सेंटिमीटर आणि वजन १२० किलो असलेल्या व्यक्तीचा बॉडी मास इंडेक्स सुमारे ४७ होतो. तिचे वजन ३० टक्क्यांनी घटले, तर ते ८४ किलो होईल आणि निर्देशांक ३३च्या जवळ येईल. तक्त्यातील ‘आदर्श’ वजनाच्या कित्येक किलो वर असूनही हा परिणाम उत्तम गणला जातो. गुडघ्यांवरचा भार, झोपेतील श्वासरोध, मधुमेह, रक्तदाब या साऱ्यांत तेवढ्याने मोठा फरक पडतो. विवाहाच्या छायाचित्रातील पासष्ट किलोचे शरीर परत मिळेल, असे ज्याच्या मनात असते, तो मात्र यशस्वी उपचारानंतरही निराश होतो.

त्यानंतर थोडे वजन परत येते. १९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडनमधील दीर्घ अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के घटले होते. दहा वर्षांनी ही घट २५ टक्के उरली. वरच्या उदाहरणात ती व्यक्ती दहाव्या वर्षी ९० किलोच्या आसपास असेल. चार-सहा किलो परत येणे हा स्वभावधर्म आहे. पंधरा-वीस किलो परत आले, तर कारण शोधावे लागते आणि ते बहुधा दोन जेवणांच्या मधल्या वेळेत सापडते. अरुंद जठरातून आइस्क्रीम, शेव, बिस्किटे, गाजराचा हलवा आणि दारू विनासायास उतरतात. पनीर आणि मोड आलेली कडधान्ये अडतात. जे सोपे जाते ते खाण्याची सवय लागली, की दिवसभर थोडे थोडे चरणे सुरू होते आणि एकाही जेवणात जास्त न खाता वजन वाढत राहते.

परत येणाऱ्या वजनावर आता औषधेही उपलब्ध आहेत. २०२५ मध्ये मार्चमध्ये टिर्झेपाटाइड आणि जूनमध्ये वजन घटविण्यासाठीचे सेमाग्लुटाइड भारताच्या बाजारात आले. शस्त्रक्रिया झालेल्या निवडक रुग्णांतही ती वापरली जातात. पण भूक मुळातच कमी असलेल्या व्यक्तीत प्रथिनांची आणि पाण्याची तूट त्यांनी वाढू शकते, म्हणून औषधविक्रेत्याच्या सल्ल्याने ती घेऊ नयेत.

पंगत, आग्रह आणि उपवास

आग्रह करून वाढणे ही आपल्याकडे आपुलकीची खूण आहे. पंजाबी लग्नातील पदार्थांच्या रांगा असोत वा दिल्लीतील मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातील उकडीचे मोदक, ‘एकच घ्या’ म्हणणाऱ्याला त्या एका मोदकाची किंमत ठाऊक नसते. काही रुग्ण शस्त्रक्रिया लपवतात आणि मग प्रत्येक जेवणाला नवी सबब शोधतात. जवळच्या नातलगांना खरे कारण सांगणे बहुधा सोपे पडते. लहान ताटली हाती ठेवून त्यात सावकाश जेवत राहिले, तर वाढणाऱ्यांचे लक्षही फारसे जात नाही.

उपवासाचे गणित वेगळे आहे. साबुदाण्याची खिचडी किंवा नवरात्रातील कुट्टूच्या पुऱ्या म्हणजे जवळपास सगळे पिष्ट आणि तेल. दही, पनीर, दूध यांवर उपवास निभावता येतो. करवा चौथ किंवा रमजानसारखा निर्जळी उपवास पहिल्या वर्षात तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. मद्याबाबत सावधगिरी अधिकच हवी. बायपासनंतर ते रक्तात वेगाने चढते, आणि अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी मद्याच्या आहारी जाण्याचे प्रमाण वाढल्याचे २०१२ मध्ये दिसून आले. दुःख, कंटाळा किंवा एकटेपणा खाण्यात विसरण्याची वाट बंद झाली, की मन दुसरी वाट शोधते. खिन्नता टिकून राहिल्यास मनोविकारतज्ज्ञांची मदत घ्यावी. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे.

स्त्रियांसाठी आणखी एक सूचना आहे. वजन उतरू लागताच पाळी नियमित होते आणि गर्भधारणेची शक्यता एकाएकी वाढते. वजन झपाट्याने घटत असताना गर्भाचे पोषण नीट होत नसल्याने १२ ते १८ महिने थांबावे. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्या पुरेशा शोषल्या जातीलच असे नाही, म्हणून दुसरे साधन निवडणे बरे. पुढे गर्भारपणात मधुमेहाच्या तपासणीसाठी ग्लुकोजचे गोड पाणी पाजतात, तेव्हा शस्त्रक्रियेची माहिती आधीच द्यावी. त्या पाण्याने डम्पिंग होऊ शकते आणि घरी काही दिवस रक्तशर्करा मोजून तीच माहिती मिळवता येते.

व्यायामाने वजन टिकते, स्नायू वाचतात. नोव्हेंबरपासून दिल्लीची हवा बिघडते, तेव्हा पहाटेचे बागेतले चालणे हिताचे नसते. त्या दिवसांत घरातच जिने, रबरी पट्ट्या, हलकी वजने यांवर भागवावे. पोट, दंड व मांड्यांवर लोंबणारी त्वचा व्यायामाने आकसत नाही. ती काढण्याची शस्त्रक्रिया वजन काही महिने स्थिर राहिल्यानंतर करतात, आणि विमा कंपन्या तिला बहुधा सौंदर्योपचार समजून खर्च नाकारतात. मूळ शस्त्रक्रियेसाठी विमा नियामकाच्या २०१९च्या नियमांनुसार निर्देशांक ४० किंवा, ठरावीक गंभीर विकार असल्यास, ३५ असावा लागतो. वैद्यकीय संघटनांनी २०२२ मध्ये आशियाई लोकांसाठी ही मर्यादा २७.५ पर्यंत खाली आणली आहे. डॉक्टर योग्य म्हणतात आणि कंपनी नाही म्हणते, असे प्रसंग त्यामुळे येतात; पूर्वमंजुरी लेखी घेतल्याखेरीज दाखल होऊ नये. तसेच पुढील दहा-वीस वर्षांच्या गोळ्या व रक्ततपासण्यांचा खर्च बहुतेक घरांना स्वतःच्या खिशातूनच करावा लागतो, तो अंदाजपत्रकात आधीच धरावा.